सायकल इलेक्ट्रिक करायचीय, हब मोटर लावू की मिड-ड्राइव्ह?

बाल्कनीत धूळ खात पडलेल्या सायकलला मोटर लावायचं डोक्यात आलं की पहिला प्रश्न येतो तो हाच, मोटर चाकात बसवायची (हब) का पेडल ज्या दांड्याला असतं त्या क्रँकपाशी (मिड-ड्राइव्ह). व्हिडिओ बघत बसलात तर गोंधळ वाढतोच, कारण बरेचसे बाहेरच्या देशातले असतात, तिथे ना आपला पाऊस ना आपले स्पीडब्रेकर, म्हणून म्हटलं ठाणे-नवी मुंबईचे रस्ते डोळ्यासमोर ठेवून एकदा नीट लिहावं.

आधी कायद्याचं, कारण हे सोडून लोक थेट १००० वॅटचं किट मागवतात. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किमीच्या आत असेल तर बॅटरीवरच्या अशा सायकलला मोटार वाहन धरत नाहीत, म्हणजे नंबर प्लेट नको, लायसन्स नको. त्याच्या वर गेलात की ती मोटार वाहन झाली, आणि घरी जोडलेल्या गाडीचं रजिस्ट्रेशन करून घेणं तुमच्या-आमच्या आवाक्यातलं नाही. जुनी ॲक्टिव्हा इलेक्ट्रिक करायचा विचार असेल तर तो वेगळाच रस्ता, तिथे मान्यताप्राप्त किट आणि आरटीओ दोन्ही लागतात, घरी बसून करायचं काम नाही ते. सायकल मात्र खरंच घरी होते.

आता रस्ता. वाशी ते बेलापूर पाम बीच रोड सपाट, ठाणे-बेलापूर रोडला चढ म्हणजे काय तर उड्डाणपूल. उलट उपवनवरून येऊरला चढून बघा, नाहीतर बेलापूरचा पारसिक हिल, नाहीतर घोडबंदरला गायमुखचा घाट. तुमचं रोजचं जाणं यातल्या कुठल्या रस्त्यावर आहे त्यावर निम्मा निर्णय तिथेच होतो.

का ते सांगतो. समजा तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो, चढ ६ टक्के, वेग ताशी १० किमी. नुसतं एवढं वर न्यायला, टायरचं घर्षण धरून, चाकाशी साधारण १९० वॅट लागतात. २५० वॅटची मोटर आहे ना मग झालं, असं वाटतं, पण हब मोटर २५ च्या वेगाला छान चालावी अशी तिच्या आतली तार गुंडाळलेली असते आणि तिला गिअर बदलता येत नाही, त्यामुळे १० च्या वेगाला रेटली की बरीचशी वीज चाक फिरवण्याऐवजी मोटर तापवण्यात जाते. उड्डाणपुलाला अर्धा मिनिट हे चालतं, येऊरच्या चढाला सलग चालत नाही, पेडल मारून मदत करावीच लागते. मिड-ड्राइव्हची ताकद सायकलच्या चेनमधून आणि गिअरमधून जाते, तुम्ही मागचा मोठा गिअर टाकला की मोटर आपल्या आवडत्या वेगाला फिरते आणि चाक हळू पण जोरात. तीच २५० वॅट, पण चढाला जमीन-अस्मानाचा फरक.

मग सगळ्यांनी मिड-ड्राइव्हच का घेऊ नये? एक तर ती कितीतरी महाग. दुसरं म्हणजे तुमच्या पायांची ताकद आणि मोटरची ताकद दोन्ही एकाच चेनवर येतात, चेन लवकर ताणते, मागचे छोटे गिअर खाल्ले जातात, आणि गिअर बदलताना क्षणभर मोटर सोडली नाही तर कडाक आवाज येतो तो ऐकूनच पोटात गोळा येतो. भर रस्त्यात चेन तुटली की मोटर असून नसल्यासारखी, हब मोटरवाला मात्र चेन तुटली तरी थ्रॉटल (हँडलवरचा ॲक्सिलरेटर) दाबून घरी येतो. आणि सिंगल स्पीड सायकलला मिड-ड्राइव्ह लावण्यात काहीच अर्थ नाही, तिचा सगळा फायदा गिअरमध्येच आहे.

बसवायला सोपं काय? हब, निर्विवाद. चाक काढलं, मोटरवालं चाक घातलं, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारी डबी) टांगला, वायर जोडल्या. मिड-ड्राइव्हला क्रँक ओढून काढायचा क्रँक पुलर लागतो, जुना बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यात फिरतो तो फ्रेममधला भाग) खोलायला त्याचा वेगळा पाना लागतो, आणि बाफांगसारख्या कंपनीची किट ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीच्या, आट्यांच्या बीबीला बसतात, त्यामुळे मागवायच्या आधी कॅलिपरने मोजाच. हब घेणाऱ्यांनीही मागच्या काट्यामधलं अंतर मोजायचं, गिअरच्या सायकलला बहुतेक १३५ मिलिमीटर असतं.

हबमध्येही दोन जाती आहेत. आत प्लास्टिकचे छोटे गिअर असलेली हलकी, आणि विनागिअरची डायरेक्ट ड्राइव्ह, जी जड असते आणि बंद असताना पेडल मारलं की मागे ओढते. ब्रेक लावताना थोडी वीज परत देते म्हणून लोक तिच्या प्रेमात पडतात पण सायकलच्या वजनाला आणि वेगाला ते फार काही नसतं. गिअरवाली घ्या.

हबची एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. मोटरच्या एक्सलला (चाकाच्या मधल्या दांड्याला) दोन बाजूंनी सपाट घासलेलं असतं, तो सपाट भाग फ्रेमच्या खाचेत बसतो. मोटर चाक पुढे ढकलते तेव्हा एक्सल उलटा फिरायला बघतो, आणि त्याला अडवणारी फक्त ती खाच. अल्युमिनियमची खाच हळूहळू रुंदावते, एक दिवस एक्सल फिरतो आणि त्यातून बाहेर येणारी वायर पिळून तुटते. म्हणून टॉर्क आर्म लावायचाच, स्टीलची पट्टी असते साधी, एक टोक एक्सलवर दुसरं फ्रेमला. पुढच्या चाकात मोटर लावत असाल, आणि तेही सस्पेन्शनच्या फोर्कला, तर माझं मत, नकोच, तिथे खाच सुटली तर तोंडावर पडाल.

पंक्चरचं पण लक्षात घ्या. मिड-ड्राइव्हला मागचं चाक नेहमीसारखं निघतं, कोणताही पंक्चरवाला काढेल. हबच्या चाकाला वायर असते, कनेक्टर सोडवावा लागतो, मोठा पाना लागतो, तो पिशवीत ठेवा.

पाऊस दोघांनाही त्रास देतो, पण वेगवेगळा. हबमध्ये पाणी शिरतं ते बहुतेक वायरच्या वाटेने, म्हणून वायर एक्सलकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन बांधायची, पाणी तिथूनच टपकतं. मिड-ड्राइव्ह खाली असते, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलंय आणि तुम्ही तसेच घुसलात तर मोटर पाण्यात. हबही तशी खालीच, त्यामुळे भरलेल्या पाण्यात घालायचीच नाही कुठलीही.

आणि आता जे सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी. दोन्ही मोटरींना सारखीच लागते, आणि माझं ठाम म्हणणं आहे की मोटरवर वाचवा पण इथे नाही. ३६ व्होल्ट १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास, थोडं पेडल मारत गेलात तर ३० किमीच्या आसपास धरा. लिथियम सेलचे दोन प्रकार मिळतात, एनएमसी सेल हलके, एलएफपी जड पण उष्णता जास्त सोसतात आणि आयुष्यही बरंच जास्त. बिल्डिंगमध्ये राहून घरात चार्ज करणार असाल तर मी एलएफपीच सांगेन, दीड-दोन किलो वजन वाढलं तर वाढू दे. पण चार्जर बदलावा लागतो हे विसरू नका, एनएमसीचा दहा सेलचा पॅक ४२ व्होल्टला भरतो आणि एलएफपीचा बारा सेलचा ४३.८ ला, एकाचा चार्जर दुसऱ्याला कधीच लावायचा नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून पॅक बनवायचा मोह सगळ्यांना होतो, वेगवेगळे म्हातारे झालेले सेल एकत्र जोडले की कमजोर सेलवर सगळा ताण येतो. तसा पॅक टॉर्चला वापरा, मांडीखाली नको, आणि बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं सर्किट) नसलेला पॅक तर घरातच आणू नका.

माझा कौल असा. ऐरोली, वाशी, नेरुळ, ठाणे स्टेशन असं सपाटीवरचं रोजचं जाणं असेल तर २५० वॅटची गिअरवाली हब मागच्या चाकात, वाचलेले पैसे चांगल्या बॅटरीत आणि डिस्क ब्रेकमध्ये. येऊर किंवा पारसिक हिलवरच घर असेल, किंवा दर रविवारी चढ चढण्यातच मजा येत असेल आणि सायकलला सात-आठ गिअर असतील तर मिड-ड्राइव्ह, सोबत जादाची चेन घेऊन ठेवा. कधीतरीच येऊरला जाणार असाल तर मिड-ड्राइव्हचा खर्च करू नका, हब लावा आणि त्या दिवशी थोडं जास्त पेडल मारा.

जे काही बसवाल त्याचे नट पहिल्या राइडनंतर परत आवळा. मिड-ड्राइव्हची लॉक रिंग, म्हणजे मोटर फ्रेमला धरून ठेवणारी कडी, हमखास सैल होते, आणि हबच्या नव्या चाकाचे स्पोकही एकदा सायकलवाल्याकडून ताणून घ्या.