वास तपासणारी पुस्तिका ‘यूपीएसआयटी’: आपल्याकडच्या रुग्णांसाठी कितपत कामाची?

वास येत नाही म्हणणाऱ्या रुग्णाचा वास नेमका किती गेलाय, हे आकड्यात सांगणारं सोयीचं साधन म्हणजे यूपीएसआयटी, म्हणजेच ‘युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया स्मेल आयडेंटिफिकेशन टेस्ट’. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड डोटी आणि सहकाऱ्यांनी ही चाचणी 1984 मध्ये मांडली. आज ती सेन्सोनिक्स कंपनी विकते. दहा-दहा वासांच्या चार पुस्तिका. प्रत्येक पानावर एक तपकिरी पट्टी आणि चार पर्याय. पट्टीतल्या सूक्ष्म कुप्या पेन्सिलीच्या टोकानं खरवडल्या की फुटतात आणि वास सुटतो.

खरवडल्याबरोबर पान नाकाशी धरायचं, हुंगायचं, एका पर्यायावर खूण करायची. काहीच कळलं नाही तरी उत्तर कोरं सोडायचं नाही. निव्वळ अंदाजानं 40 पैकी साधारण 10 बरोबर येतात, हे त्यामागचं कारण. म्हणून 6 ते 18 गुण म्हणजे वास जवळजवळ पूर्ण गेलेला; पण 5 किंवा त्याहून कमी आले, तर बरोबर उत्तर ओळखून मुद्दाम टाळलं जातंय का, ही शंका घ्यावी. अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणांत याचा मोठा उपयोग. पुरुषाला 34 आणि स्त्रीला 35 पासून पुढे गुण मिळाले तर वास शाबूत धरतात, पण उतारवयात गुण घटतातच, त्यामुळे वयानुसारचे तक्ते बघायलाच हवेत. चाचणीआधी फिनाईलनं फरशी पुसू नये, अगरबत्ती लावू नये.

आता अडचण. मूळ अमेरिकन संचात रूट बिअर, विंटरग्रीन, लायलॅक, डिल पिकल, जिंजरब्रेड, चेडर चीज असे वास आहेत. साताऱ्याच्या आजींनी हे हुंगायचे कधी? समजा आठ वास अनोळखी निघाले. अंदाजानं त्यातले दोन बरोबर येतील, म्हणजे नाक ठणठणीत असूनही गुण 34. पुढे आणखी दोन चुकले की 32, आणि अहवालात ‘सौम्य ऱ्हास’. पर्याय मराठीत वाचून दाखवले तरी हा दोष जात नाही. 30 ते 34 च्या पट्ट्यातला निकाल आपल्याकडे जपूनच वाचावा. 15 आले तर मात्र अनोळखी वासांवर खापर फोडू नये.

दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची: पुस्तिका कारण सांगत नाही. नाकातले पॉलिप (मऊ गाठी), विषाणूजन्य सर्दी किंवा कोविड, डोक्याला मार लागून नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडातून जाणारे वासाचे तंतू तुटणं, पार्किन्सनची सुरुवात, या सगळ्यांत गुण सारखेच कमी येऊ शकतात. त्यासाठी वास अचानक गेला की हळूहळू, हे विचारायचं आणि दुर्बिणीनं नाक तपासायचं. वास मधूनमधून परत येत असेल, स्टिरॉइडनं सुधारत असेल, तर नाकातली वाट अडल्याचा संशय घेऊन सायनसचा सीटी काढावा. जन्मापासूनच वास नसेल तर एमआरआयमध्ये घ्राणकंद (नाकातून आलेले वासाचे संदेश घेणारे मेंदूचे भाग) आहेत का ते बघतात.

‘विक्स कळतं, म्हणजे नाक ठीक आहे’ हा समज रुग्णांत फार आहे. विक्स, कापूर, अमोनिया यांची झणझण ट्रायजेमिनल ही वेगळी नस पोचवते; वास पूर्ण गेलेल्यालाही ती जाणवते. घरी अंदाज घ्यायचा तर डोळे मिटून कॉफी पावडर किंवा लवंग एकेका नाकपुडीनं हुंगावी.

खरवडलेली पट्टी पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे दर रुग्णाला नवा संच लागतो. गर्दीच्या ओपीडीत हे परवडत नाही. तिथे याच घराण्यातली 12 वासांची छोटी बी-सिट बरी. तिचे वास निरनिराळ्या देशांतल्या लोकांना ओळखीचे असावेत असे निवडले आहेत. वास-प्रशिक्षणाचा (रोज ठरावीक वास हुंगण्याच्या सरावाचा) फायदा मोजायचा असेल, तर मात्र पूर्ण 40 चीच घ्यावी आणि काही महिन्यांनी पुन्हा करावी. 4 गुण वाढले तर ती खरी सुधारणा मानतात. रुग्णाचे अनोळखी वास दोन्ही वेळा तेच असल्यानं या तुलनेत ती अडचणही फारशी राहत नाही.