लँथॅनम ऑक्साइड, १०० ग्रॅमची बाटली: भुकटी चोख, झाकण कुचकामी

प्रयोगशाळेत मँगनाइट (लँथॅनम, कॅल्शियम, मँगनीज आणि ऑक्सिजनचा चुंबकीय पदार्थ) करायला लागणारी ही भुकटी. शुद्धता ९९.९ टक्के, प्लॅस्टिकची बाटली, फिरकीचे झाकण. भुकटी पांढरीशुभ्र, बारीक. तिच्याबद्दल तक्रार नाही. पण रत्नागिरी-मालवणच्या पावसाळ्यात पापड सादळावा तशी ती हवेतले पाणी ओढते आणि तिचे हायड्रॉक्साइड होते. असे झाकण तिला राखू शकत नाही, आणि लेबलावरच्या ९९.९ मध्ये हे पाणी धरलेले नसते.

लँथॅनम ०.७, कॅल्शियम ०.३ या प्रमाणाचे ५ ग्रॅम मँगनाइट करायला २.६८७ ग्रॅम लँथॅनम ऑक्साइड, ०.७०८ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, २.०४९ ग्रॅम मँगनीज डायऑक्साइड लागते. भुकटी पुरती सादळलेली असेल तर तेवढ्याच वजनात लँथॅनम ०.७ ऐवजी ०.६ भरते. मँगनीज शिल्लक राहते, एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासताना) हॉसमनाइट या मँगनीज ऑक्साइडची शिखरे डोकावतात, त्रिसंयुज आणि चतुःसंयुज मँगनीजचे प्रमाण ढळते.

आणि या मँगनाइटचा सारा खेळ त्या प्रमाणावर आणि मँगनीज-ऑक्सिजन-मँगनीज कोनावर (साधारण १६० अंश) आहे. सुमारे २५० केल्व्हिनच्या खाली स्पिन (इलेक्ट्रॉनची इवली चुंबके) एका दिशेला लागतात, इलेक्ट्रॉनला शेजारच्या मँगनीजवर उडी घेणे सोपे जाते, मँगनीजभोवतीच्या सहा ऑक्सिजनांच्या अष्टफलकांची यान-टेलर विकृती (इलेक्ट्रॉनमुळे येणारा ताणलेपणा) सैलावते आणि विद्युत रोध कोसळतो. त्या तापमानाच्या वर स्पिन विस्कटतात आणि इलेक्ट्रॉन स्वतःच वाकवलेल्या जालकात (अणूंच्या मांडणीत) अडकतो. जालकाचा वाटा केवढा, तर ०.८-०.२ प्रमाणाच्या मँगनाइटमध्ये ऑक्सिजन-१६ काढून त्याचाच जड प्रकार ऑक्सिजन-१८ घातला की क्युरी तापमान (ज्याच्या खाली स्पिन एका दिशेला लागतात ते) सुमारे २० केल्व्हिनने उतरते. फक्त अणूचे वजन बदलले! अशा नाजूक पदार्थात वजनकाट्यावरची चूक थेट आलेखात उतरते.

म्हणून वजन करण्याआधी भुकटी अ‍ॅल्युमिनाच्या मुशीत ९०० ते १००० अंश सेल्सिअसला रात्रभर तापवा. ५०० वर थांबू नका. पाणी जाते, पण हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे झालेले कार्बोनेट मागे राहते. मूस गरम असतानाच डेसिकेटरमध्ये (हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा, निवताच वजन करा. तापवल्यावर १४ टक्क्यांच्या आसपास घट आली तर सगळे हायड्रॉक्साइडच झाले होते. पुढे तिन्ही भुकट्या एकत्र खलून १००० अंशाला १२ तास, पुन्हा खल, पेलेट (वडी) दाबून १३०० अंशाला २४ तास, मग सावकाश थंड. मध्येच वीज गेली तर पेलेट टाकू नका, पुन्हा तापवून हळू उतरवा.

भुकटीला पाचपैकी साडेचार, बाटलीला दोन. घ्यायचीच तर २५ ग्रॅमच्या चार घ्या, आणि एका वेळी एकच उघडा.