पायपर: मोनो घ्यावा की स्टिरिओ?

ब्रिटिश रॉक बँड पिंक फ्लॉइडचा १९६७ चा पहिला अल्बम, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन', घ्यायचा ठरलाय आणि मोनो (दोन्ही बाजूंना एकच आवाज) की स्टिरिओ (डावीकडे-उजवीकडे वेगवेगळे आवाज) यावर गाडी अडली असेल, तर माझा अनुभव सांगतो. वर्षभर दोन्ही आलटूनपालटून ऐकलेत.

स्टिरिओत रिचर्ड राइटचा ऑर्गन सुटा, स्वच्छ ऐकू येतो. 'मटिल्डा मदर'मध्ये तर तो खोलीभर पसरतो. स्पीकर चांगले असतील आणि घरात मोठ्यानं ऐकायची मुभा असेल, तर स्टिरिओ घेणारा चुकला असं मी म्हणणार नाही.

माझं ऐकणं मात्र रात्री ११ नंतरचं, हेडफोनवर. पलीकडच्या खोलीत आई झोपलेली असते. तिथेच स्टिरिओ मला नडला. 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह' साडेनऊ मिनिटांहून मोठं आहे. शेवटाकडे आवाज या कानातून त्या कानात भराभर फिरायला लागतो. स्पीकरवर गंमत वाटते, हेडफोनवर मला गरगरतं. दर वेळी हेडफोन काढून हातात धरायचो आणि परत लावेपर्यंत 'द नोम' सुरू झालेलं असायचं. आधीच दोन-सव्वादोन मिनिटांचं गाणं. त्याची सुरुवात मी कित्येक रात्री ऐकलीच नाही.

मोनोत ही फिरवाफिरवी नाही. निक मेसनचे ड्रम आणि रॉजर वॉटर्सचा बेस एकाच जागेवरून, भरीव येतात आणि सिड बॅरेटची गिटार थेट त्यांना भिडते. ऑर्गन जरा दबतो, हे खरं. पण त्या काळी ब्रिटनमध्ये घरोघरी मोनोच वाजायचा. अल्बमला तिथल्या विक्रीच्या यादीत ६ व्या क्रमांकापर्यंत नेणाऱ्या बहुतेकांनी हाच ऐकला असणार. लंडनच्या यूएफओ क्लबात बँड ऐकलेल्या काहींची तक्रार होती की तिथला दणका रेकॉर्डवर उतरला नाही. 'द हू' या बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंडही नाराज होता. स्टिरिओ ऐकताना मला ती तक्रार पटायची, मोनो ऐकल्यावर तेवढी पटत नाही.

जुनी अमेरिकन प्रत समोर आली तर गाण्यांची यादी आधी बघा. त्यात 'ॲस्ट्रॉनॉमी डॉमिनी', 'फ्लेमिंग' आणि 'बाइक' नाहीत.

२००७ च्या तीन सीडींच्या संचात दोन्ही आहेत. परवडला तर प्रश्नच मिटला. एकच घ्यायचा असेल, तर आधी 'इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह'चं शेवटचं मिनिट स्टिरिओत, हेडफोन लावून ऐका. हेडफोन काढावासा वाटला, तर मोनोच घ्या.