उन्हाळी लागली: पाच दिवसांच्या गोळ्या की एकच पुडी?

लघवीला आग, घटकाघटकाला धाव, ओटीपोटात कळ. पण ताप नाही, कंबर-कुशीत दुखत नाही, दिवसही गेलेले नाहीत. अशा साध्या मूत्राशयाच्या संसर्गासाठी डॉक्टरांशी बोलताना माझ्या मते दोनच नावं तोलून बघावीत: नायट्रोफ्युरँटोइन आणि फॉस्फोमायसिन. दोन्ही चिठ्ठीवरच घ्यायची, इंदूरच्या दवा बाजारात कितीही ओळख असली तरी.

नायट्रोफ्युरँटोइनची हळूहळू विरघळणारी १०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. उपाशीपोटी घेतली तर मळमळतं, शिवाय अन्नासोबत ती अंगीही जास्त लागते. म्हणजे इंदूरकरणीने सकाळची पोहे-जिलबीनंतर घ्यावी, चहावर नको. लघवी तपकिरी झाली तर दचकू नका, तो औषधाचाच रंग. मात्र मूत्रपिंड अधू असेल, जी-६-पीडीची (लाल रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असेल किंवा बाळंतपण जवळ आलं असेल तर ही गोळी बाद. साठीच्या पुढच्या काकू-मावशींनी आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्तचाचणी) बघून घ्यावं.

आणि ते गुलाबी, आंबटगोड सायट्रेटचं सिरप! जळजळ कमी व्हावी म्हणून ते सर्रास सोबत देतात. पण त्याने लघवी अल्कधर्मी होते आणि नायट्रोफ्युरँटोइन आम्लधर्मी लघवीत चांगलं चालतं. दोन्ही लिहून दिली असतील तर खरंच दोन्ही हवीत का, हे विचाराच.

फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी अर्धा ग्लास साध्या पाण्यात ढवळून, रिकाम्या पोटी, शक्यतो रात्री लघवीला जाऊन आल्यावर घ्यायची. झालं. औषध दोन-तीन दिवस लघवीत टिकतं, त्यामुळे दुसऱ्या सकाळी ‘गुण नाही’ म्हणून आणखी एक पुडी मागू नका. गोळ्या विसरणारीला किंवा प्रवासात असलेलीला ही सोयीची. खिशाला मात्र महाग.

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ५१३ स्त्रियांवरच्या चाचणीत २८ दिवसांनी नायट्रोफ्युरँटोइनने ७० टक्के जणींचा त्रास पूर्ण गेला, एका पुडीने ५८ टक्के जणींचा. त्यात गोळी दिवसातून तीनदा होती, हे खरं. तरी मूत्रपिंड धडधाकट असेल तर माझं मत गोळ्यांना.

कपाटात उरलेली नॉरफ्लॉक्सासिन-सिप्रोफ्लॉक्सासिन? नको. हा संसर्ग बहुतेकदा ज्याच्यामुळे होतो त्या आपल्याकडच्या ई. कोलाय जंतूवर ती फारशी चालत नाहीत, आणि स्नायुबंध व नसांना होणाऱ्या इजेमुळे, दुसरा पर्याय असताना साध्या संसर्गाला ती देऊ नयेत, असं अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१६ मध्येच बजावलं. को-ट्रायमॉक्साझोल स्वस्त आणि तीनच दिवसांचं, पण लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघणाऱ्या चाचणीत) त्याच्यापुढे ‘एस’, म्हणजे ‘चालतं’, असेल आणि सल्फाची अ‍ॅलर्जी नसेल तरच.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील तर हा सगळा हिशेब बाजूला. ही दोन्ही औषधं मूत्रपिंडाच्या ऊतींत पुरेशी पोचत नाहीत. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गरोदर असाल, मधुमेह असेल किंवा त्रास पुन्हा पुन्हा होत असेल तर पहिल्या डोसाआधी कल्चरला नमुना द्या: सुरुवातीची धार सोडून मधली, आणि दोन तासांत लॅबमध्ये. मे महिन्यात डबी स्कूटरच्या डिकीत ठेवून राजवाड्याला खरेदी करत बसू नका, उन्हात जंतू वाढून रिपोर्टच फसतो. पुढे त्रास थांबला की, गरोदर नसाल तर, पुन्हा कल्चर करायची गरज नसते.