तारवटी काकाच्या पेटीतली ‘कधीच न आलेली’ कॅसेट

जुने व्हिडिओ गेम जमवणारी माणसं गोव्यात मूठभर, आणि त्यांतल्या निदान तिघांना एकाच माणसाने एकाच पद्धतीने गंडवलं आहे. मी त्यांतला एक. माझे ४५,००० रुपये गेले. तो काय विकतो आणि कसं विकतो ते सविस्तर लिहितो, म्हणजे चौथा सापडायचा नाही.

तो विकतो ‘प्रोटोटाइप’. गेम तयार होत असताना कंपनी तपासणीसाठी जी कॅसेट काढते, ती. (कार्ट्रिज म्हणणारा मला अजून म्हापशात भेटलेला नाही.) आणि प्रोटोटाइपही साधा नाही, तर जो गेम कधी दुकानात आलाच नाही, त्याचा.

मला त्याने दाखवला निन्टेंडो कंपनीच्या ‘निन्टेंडो ६४’ या कन्सोलवरचा (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरचा) ‘अर्थबाउंड ६४’. हे नाव हवेतलं नाही. जपानमध्ये हा गेम ‘मदर ३’ म्हणून बनत होता. १९९९ च्या स्पेसवर्ल्ड प्रदर्शनात लोकांनी तो खेळूनही पाहिला. ऑगस्ट २००० मध्ये कंपनीने तो रद्द केला आणि २००६ मध्ये तीच कथा गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरायच्या कन्सोलवर आली, तीसुद्धा फक्त जपानमध्ये. प्रदर्शनातल्या त्या ६४ च्या कॅसेटचा शोध जगभरचे शौकीन आजही घेतात.

म्हणूनच हा माणूस पचतो. तो खोटं फार कमी बोलतो. ‘स्टार फॉक्स २’ १९९५ च्या सुमारास तयार होऊन बासनात गेला आणि थेट २०१७ मध्ये अधिकृतपणे बाहेर आला, हे त्याने मला सांगितलं, खरं आहे. पहिल्या ‘मदर’ची इंग्रजी कॅसेट १९९८ मध्ये शौकिनांच्या हाती लागली तेव्हा पुष्कळांनी ती बनावट ठरवली, आणि २०१५ मध्ये निन्टेंडोनेच तो गेम वी यू या आपल्या नव्या कन्सोलवर आणल्यावर संशयी लोकांची तोंडं बंद झाली, हेही खरं. निन्टेंडो आणि सोनीने मिळून बनवलेल्या प्लेस्टेशनचा नमुना २०२० मध्ये लिलावात ३,६०,००० डॉलरला गेला, हे तर वर्तमानपत्रात आलं होतं. एवढं ऐकल्यावर शंका घेणारालाच आपण कोत्या मनाचे आहोत असं वाटायला लागतं. ‘बायो फोर्स एप’ची गोष्ट मात्र त्याने शिताफीने गाळली. त्या गेमची कॅसेट सापडल्याची थाप २००५ मध्ये एकाने मारली होती आणि भल्याभल्यांनी ती गिळली. खरी कॅसेट २०१० मध्ये निघाली.

मग आला काका. काका तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारा, नव्वदच्या दशकात जपानच्या फेऱ्या करणारा, योकोहामातल्या कुणा दोस्ताने त्याला ही कॅसेट दिली, काका वारला, पेटी उघडली. गोव्याबाहेरच्या माणसाला हे फिल्मी वाटेल. पण इथे कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये बोटीवरून आलेला टू-इन-वन, घड्याळ, चहाचा जपानी सेट असतोच. बार्देशात या गोष्टीवर अविश्वास दाखवणं म्हणजे शेजाऱ्याच्या बापाला खोटारडा म्हणण्यासारखं आहे.

व्हॉट्सॲपवर त्याने व्हिडिओ पाठवला. जुना डबा टीव्ही, समोर कन्सोल, हातात कंट्रोलर, पडद्यावर खाणीतल्या गाडीचा प्रसंग. नंतर शांतपणे पाहिल्यावर कळलं की पडद्यावरची दृश्यं एकूण एक त्या काळी प्रसिद्ध झालेल्या जाहिरातफितीतली आहेत, त्याच क्रमाने. गाडी डावीकडे वळते तेव्हा त्याचा अंगठा जागचा हललेलाही नाही. टीव्हीला जोडलेली वायर कन्सोलची नसून फ्रेममध्ये न दिसणाऱ्या डीव्हीडी प्लेयरची असणार.

अर्धे पैसे यूपीआयने आगाऊ, अर्धे हातात कॅसेट घेताना. भेट शुक्रवारच्या बाजारात, चण्यांच्या, चोरिसांच्या (गोव्याच्या सॉसेजच्या) आणि केळ्यांच्या गर्दीत, जिथे धड उभं राहता येत नाही. लेबल हाताने लिहिलेलं, कडा पिवळट. आणि जाता जाता काळजीच्या सुरात म्हणाला, “उगडूं नाका हां भाई, मोल देंवता.” उघडू नका, किंमत उतरते. त्याच्या धंद्याचं मर्म या एका वाक्यात आहे.

घरी कॅसेट चालली नाही. फोन केला तर म्हणाला, तुमचा कन्सोल ‘पाल’ या टीव्ही-पद्धतीचा, कॅसेट जपानी, जपानी कन्सोल लागेल. हेही बरोबरच! निन्टेंडो ६४ मध्ये प्रदेशाचं कुलूप खरंच असतं. आता जपानी कन्सोल मागवायचा, तो कस्टम्समधून सुटायचा, तोवर ह्याचं सिम बंद.

शेवटी ३.८ मिलिमीटरचा खास स्क्रूड्रायव्हर आणून कॅसेट उघडली. आत मास्क रॉम. इथे जरा थांबतो, कारण हे समजलं की कुणी फसवू शकत नाही. मास्क रॉममधला गेम चिप बनतानाच कारखान्यात कायमचा भरला जातो, आणि हजारोंची ऑर्डर असल्याशिवाय तो खर्च कुणी करत नाही. रोज बदलणाऱ्या अर्धवट गेमसाठी पुसून पुन्हा भरता येणाऱ्या चिपा वापरतात: फ्लॅश, किंवा पाठीवर काचेची खिडकी असलेला ईप्रॉम. शिवाय निन्टेंडो ६४ च्या मास्क रॉमवर गेमचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. माझ्या चिपेवरचा क्रमांक निघाला एका जपानी बेसबॉल गेमचा, जो तिकडे भंगाराच्या भावात मिळतो. बाजूला तारखेचे चार आकडे होते, ९७४१. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. १९९९ च्या प्रदर्शनातला गेम १९९७ च्या ऑक्टोबरात बनलेल्या चिपेत कसा शिरला, हे काकालाच ठाऊक.

वास्कोच्या एकाकडे आणि फोंड्याच्या एकाकडे हेच लेबल आहे, अक्षराच्या त्याच वळणासकट. तिघांनीही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली आहे. पैसे गेल्या गेल्या हा नंबर लावला तर रक्कम खात्यातच गोठवता येण्याची शक्यता असते; आमच्या बाबतीत कन्सोलची वाट पाहण्यात ती वेळ निघून गेली. चॅट, व्हिडिओ आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक मात्र जपून ठेवा, तक्रारीत तेच लागतं.

कुणी असली वस्तू दाखवली तर पैशांआधी उघड्या बोर्डाचा फोटो मागा, चिपेवरची अक्षरं वाचता येतील एवढा जवळून, आणि शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र ठेवायला सांगा. अस्सल वस्तू असलेला माणूस उघडायला घाबरत नाही. लिलावात मोठी किंमत येते तीसुद्धा आतला बोर्ड दाखवूनच.

गेल्या आठवड्यात नवी जाहिरात पाहिली. नाव वेगळं, नंबर वेगळा, कॅसेट यावेळी मेगा ड्राइव्ह या दुसऱ्या जुन्या कन्सोलची. काका आता कुवेतला होता म्हणे. फोटो फक्त पुढच्या बाजूचे आहेत, आणि लेबलावर तेच अक्षर.