जुन्या काचेचे फोटो ठेवायला आणि घ्यायला विकिमीडिया कॉमन्स कसं आहे?

बाकारा या फ्रेंच काच कारखान्याच्या १९व्या शतकातल्या काही पेपरवेटमध्ये काचेच्या रंगीत कांड्यांच्या दाटीत एक पांढरी कांडी सापडते आणि तिच्यावर ‘बी १८४८’ अशी अक्षरं असतात. जेमतेम काही मिलिमीटरची ही जागा. पण वस्तू कुठली आणि कधीची, हे तीच सांगते. असा फोटो नेटवर चार हात फिरला की आधी कडा कापल्या जातात, मग आकार घटतो आणि शेवटी ८चा ३ झालेला असतो. फोटो कोणाचा, पेपरवेट केवढं, मूळ फाइल कुठे, यातलं काहीच उरत नाही. संग्राहकाला हवी असते ती फोटोसोबत माहिती टिकवणारी जागा, आणि २००४ साली सुरू झालेलं विकिमीडिया कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाचं मुक्त फोटोंचं भांडार, या कसोटीवर इतरांपेक्षा बरंच पुढे आहे. जुन्या काचेसाठी ते डोळे मिटून निवडावं. हयात कारागिरांच्या कामासाठी मात्र लेखी परवानगी हातात असेल तरच.

पुढे आहे ते अशासाठी की मूळ फाइल पूर्ण आकारात राहते, कॅमेऱ्याची माहिती पुसली जात नाही, आणि वर्णनात कोणी काय बदललं याचा इतिहास कोणालाही पाहता येतो. इन्स्टाग्राम फोटो लहान करतं आणि परवाना लिहायला तिथे रकानाच नाही. पिंटरेस्टवर मूळ पानाचा माग फार लवकर तुटतो. फ्लिकरवर परवाना निवडता येतो, पण फुकट खात्याला १,००० फोटोंची मर्यादा आहे आणि आपण काही केलं नाही तर ‘सर्व हक्क राखीव’ हाच शिक्का बसतो.

परवान्याबाबत कॉमन्स कडक आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे सीसी झीरो (हक्क सोडले), सीसी बाय (श्रेय द्या) किंवा सीसी बाय-एसए (श्रेय द्या आणि बदललेलाही त्याच परवान्याखाली द्या) चालतात; ‘व्यापारी वापर नको’ किंवा ‘बदल करू नका’ अशी अट घातलेला फोटो घेतलाच जात नाही. याचा अर्थ नीट समजून घ्या: तुमचा फोटो उद्या लिलावाच्या कॅटलॉगात किंवा पोस्टकार्डावर छापला जाऊ शकतो, आणि श्रेय नीट दिलं असेल तर तक्रारीला जागा नाही. दिलेला परवाना परतही घेता येत नाही. हे मनाला पटत नसेल तर इथे येऊ नये.

बरेच फोटो काढून टाकले जातात ते एका गैरसमजामुळे. पेपरवेट विकत घेतलं म्हणजे त्याचे कॉपीराइट हक्क मिळाले, असं होत नाही. कलात्मक काचेच्या फोटोत हक्कांचे दोन थर असतात: घडवणाऱ्याचा आणि फोटो काढणाऱ्याचा. फ्रेंच काचकलाकार एमिल गाले १९०४ साली गेले, त्यांच्या हक्काची मुदत केव्हाच संपली, म्हणून त्यांच्या फुलदाणीचा स्वतः काढलेला फोटो बिनधास्त टाकावा. ब्लाश्का या काचकार पितापुत्रांनी केलेल्या काचेच्या समुद्री जीवांचंही तसंच. मुलगा रुडॉल्फ १९३९ साली वारला. इटालियन रचनाकार कार्लो स्कार्पा १९७८ साली वारले, हक्काची मुदत अजून चालू आहे, म्हणून त्यांचं नाव निघालं की थांबावं. मधली अवघड जागा फ्रेंच काचकलाकार रने लालिकची. मृत्यू १९४५चा, त्यामुळे मृत्यूनंतर ७० वर्षांचा नियम असलेल्या देशांत मुदत संपली आहे; पण कॉमन्सला वस्तू मूळ देशात आणि अमेरिकेत, दोन्हीकडे मुक्त लागते. १९३०च्या दशकातल्या नमुन्यांना म्हणून अमेरिकेचा प्रकाशनापासून ९५ वर्षांचा हिशेब वेगळा लावून पाहावा.

दुसरा थर तितकाच महत्त्वाचा. जुन्या चित्राचा हुबेहूब, सपाट फोटो कॉमन्स मुक्त मानतं. काच मात्र त्रिमितीय. प्रकाश कुठून टाकायचा, कोन कोणता, हे फोटोग्राफर ठरवतो, म्हणून १८४८च्या पेपरवेटच्या फोटोवरही त्याचा हक्क असतो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून उचललेला फोटो ‘वस्तू जुनी आहे’ म्हणून चालत नाही. अपवाद आहेत: न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली हक्कमुक्त वस्तूंचे आपले फोटो सीसी झीरोखाली खुले केले. त्यातली काच तुलनेसाठी जरूर पाहा.

हे दोन थर वेगवेगळे नोंदवायला ‘आर्ट फोटो’ नावाचा साचा, म्हणजे माहिती भरायचा तयार तक्ता, आहे. अपलोडनंतर पानाच्या संपादनात जाऊन तो हाताने भरावा. पाच मिनिटांचं काम, पण नंतरची काढून टाकण्याची चर्चा टळते. हयात कारागिराची परवानगी असेल तर त्याने स्वतःच्या अधिकृत पत्त्यावरून कॉमन्सच्या परवानगी-पथकाला ईमेल करायचा आणि त्यात परवान्याचं नेमकं नाव लिहायचं. ‘विकिपीडियावर वापरायला हरकत नाही’ एवढं वाक्य पुरत नाही.

आता फोटोच. एका वस्तूचे किमान चार हवेत: वरून, बाजूने, तळ आणि खुणेचा जवळून. तळ वगळणारे बरेच, आणि ओळख पटते ती बहुतेक तिथेच: काच धरायच्या सळईवरून तोडल्याची खूण खडबडीत आहे की घासून गुळगुळीत केली आहे, कडेची झीज खरी आहे की सँडपेपरची. व्यास आणि उंची मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये लिहा. घुमटातून मोजू नका; काच भिंगासारखी वागते आणि आतली कांडी आहे त्यापेक्षा मोठी दिसते. त्याच घुमटावर अख्खी खोली उमटते, खिडकी, दिवा आणि फोटो काढणारा सगळं. ध्रुवीकरण फिल्टर, बाजूने मऊ प्रकाश आणि कॅमेऱ्यापुढे भोक पाडलेला काळा कागद, एवढ्याने बरंच निस्तरतं. अतिनील दिव्याखालचा फोटो देणार असाल तर तरंगलांबी लिहाच. ३९५ नॅनोमीटरचा स्वस्त दिवा स्वतःच जांभळा उजेड टाकतो आणि साध्या काचेलाही रंग चढल्यासारखं वाटतं. ३६५चा दिवा जास्त विश्वासाचा.

वॉटरमार्क नको. कॉमन्सवर ते नापसंत आहेत, कोणीही काढू शकतं, आणि नेमके ते नक्षीवरच बसतात. नाव ‘लेखक’ या रकान्यात लिहा.

एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. मोबाइलच्या फोटोत जागेचे अक्षांश-रेखांश असतील तर अपलोडचा फॉर्म ते आपोआप उचलतो आणि पानावर नकाशाचा दुवा येतो. मौल्यवान संग्रह घरात असणाऱ्यांनी अपलोडच्या आधीच स्थानाची माहिती काढावी. नंतर स्वच्छ फाइल चढवून भागत नाही, कारण जुनी आवृत्ती फाइलच्या इतिहासात तशीच राहते. ती लपवायला प्रचालकाला (ॲडमिनला) विनंती करावी लागते.

उणीव म्हणाल तर ओळख तपासणारं तिथे कोणी नसतं. फ्रेंच पेपरवेटच्या चिनी नकला ‘बाकारा’ म्हणून आणि कुठलीही रंगीत काच ‘मुरानो’ (व्हेनिसजवळचं काचेसाठी प्रसिद्ध बेट) म्हणून चढते. वर्णन कोणीही सुधारू शकतं, पण फाइलचं नाव बदलायला विनंती-साचा लावावा लागतो. म्हणून नावातच खात्री असेल तेवढंच लिहावं: ‘मिलेफिओरी पेपरवेट, व्यास ७२ मिमी, तळ’ (मिलेफिओरी म्हणजे रंगीत कांड्यांच्या तुकड्यांची फुलांसारखी नक्षी) हे ‘दुर्मीळ अँटिक बाकारा’पेक्षा शंभर पटीने चांगलं.

फोटो घेणाऱ्यांनी श्रेयात चार गोष्टी द्याव्यात: शीर्षक, फोटोग्राफर, मूळ पानाचा दुवा आणि परवान्याचं नाव दुव्यासह. ‘सौजन्य: इंटरनेट’ हे श्रेय नव्हे, आणि ‘सौजन्य: विकिपीडिया’ हेही नाही. पार्श्वभूमी पांढरी केली, रंग सुधारला, तर तसं सांगा. बाय-एसए असेल तर सुधारलेला फोटोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. पार्श्वभूमी कापताना पारदर्शक कडाही कापली जाते आणि वस्तूचा मूळ बाह्याकार बदलतो, म्हणून अभ्यासाच्या लेखात न कापलेलाच फोटो घ्या. श्रेय राहून गेलंच, तर सीसी परवान्यांच्या ४.० आवृत्तीत चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दुरुस्त केल्यास परवाना पुन्हा लागू होतो.

फोटो चढवल्यावर मन बदललं तर सात दिवसांच्या आत सांगा. कुठे वापरला गेला नसेल तर अपलोड करणाऱ्याच्या विनंतीवरून तो सहसा लगेच काढतात. त्यानंतर चर्चा लागते, आणि उपयोगी फोटो असेल तर निकाल बहुधा ‘ठेवावा’ असाच येतो.