तळपायांवर काशाची वाटी घासायची की पाय गरम पाण्याच्या बादलीत बुडवायचे?

झोप लवकर लागावी एवढाच हेतू असेल तर बादली घ्या. पाय गरम झाले की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता बाहेर पडते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं. म्हणून हे अंथरुणावर पडण्याच्या एक तास आधी करायचं, 15 मिनिटं. आधी चार तांबे साधं पाणी, मग एक तांब्या उकळतं. साधारण 40 अंश होतं. पाय घालण्याआधी कोपर बुडवून पाहा. मीठ ऐच्छिक, टाचांना भेगा असतील तर झोंबतं. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर हा उपाय नकोच, भाजलेलं कळत नाही.

वाटीला दुसरा माणूस लागतो, आणि खरा आराम तिथेच आहे. स्वतःच घासायला बसलं तर पाचव्या मिनिटाला कंबर बोलू लागते. एका पायाला अर्धा चमचा तूप, वाटीची पालथी बाजू टाचेपासून बोटांकडे, मग तळव्याच्या खोलगट भागात गोल गोल; पायाला दहा मिनिटं पुरे. वाटी अडखळली की तूप संपलं समजा, जोर लावू नका. तळवा काळा पडला की ‘उष्णता निघाली’ म्हणतात; तो रंग काशातल्या तांबे या धातूचा, तुपाशी आणि घामाशी घासून आलेला. उठण्याआधी बेसन लावून पुसा, नाहीतर फरशीवर घसराल.

दोन्ही करायचं असेल तर आधी बादली, पाय कोरडे करून मग वाटी.